गिअरच्या दांड्यावरचा क्लच

मी ट्रक बोलतोय. पण ट्रक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे उभं राहिलं असेल, ते आधी पुसून टाका. मला मागे हौद नाही, बाजूला फळकुटं नाहीत, डोक्यावर छप्पर नाही. केबिनच्या मागे एक लांबरुंद सपाट पाट, बस. माझा एक दिवा गोल आहे आणि दुसरा चौकोनी, त्यामुळे समोरून बघणाऱ्याला मी कायम डोळा मारतोय असं वाटतं. पहिल्यांदा बघणारा माणूस हसतोच. हसू दे. माझं त्यात काही जात नाही, आणि हसलेला माणूस वाटही लवकर देतो.

माझा जन्म कारखान्यात झालेला नाही. एका घराच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायची दोरी आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या जागेत मी जन्मलो. मला ज्यांनी घडवलं त्या बाई लोखंडी दारं-खिडक्यांच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करायच्या. गल्लीत त्यांना सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनींचे यजमान ट्रक चालवायचे. ट्रक दुसऱ्याचा, पण जपायचे स्वतःचा असल्यासारखा. गल्लीत त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं, सगळे 'ड्रायव्हर' अशीच हाक मारायचे. एकदा रस्त्याच्या कडेला चाक बदलताना जॅक सरकला आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. ते दवाखान्यातून घरी आल्यावर लोकांनी अगदी चांगल्या मनाने एक गोष्ट केली. त्यांना 'ड्रायव्हर' म्हणणं बंद केलं. 'भाऊ, कसं आहे?' 'भाऊ, उठू नका.' त्या प्रत्येक 'भाऊ'बरोबर माणूस थोडाथोडा खचत गेला. शेवटी ते खिडकीकडे पाठ करून झोपायला लागले, कारण खिडकीतून रस्ता दिसायचा.

मी तेव्हा तुकड्यातुकड्यांत होतो, मग हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. वहिनींना काम करताना स्वतःशी बोलायची सवय आहे. आणि लोखंडासारखा ऐकणारा नाही. मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही.

माझे बहुतेक तुकडे अक्कांच्या भंगाराच्या वखारीत होते. अक्का म्हणजे ड्रायव्हरांची थोरली बहीण. हाताने उदार आणि तोंडाने फटकळ. कोणाला काही द्यायचं झालं तर आधी चार शब्द सुनवायच्या, मगच वस्तू हातावर ठेवायच्या. गोड बोलून दिलेली वस्तू लोक जपत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

एका दुपारी वहिनी वखारीत आल्या आणि अंगाने मोडलेल्या एका बसपाशी उभ्या राहिल्या. शाळेची बस होती ती. मागची बाजू चेपलेली, पण खालचा सांगाडा सरळ.

"अक्का, हा सांगाडा मला हवाय."

अक्का जुन्या वायरीतून तांबं सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मांडवाला?"

"ट्रक करायचाय."

"आणि चालवणार कोण?"

"हे."

अक्कांचा चाकू थांबला. "अगं, तो मोरीपर्यंत जायचं तर काठी शोधत बसतो."

"म्हणूनच तर."

अक्का बराच वेळ वायर सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "घेऊन जा. इतकी वर्षं माझी जागा अडवून बसलाय मेला. आणि नेतेच आहेस तर तो दुधाच्या गाडीचा पुढचा भागही ने. रोज त्याचं दार वाऱ्याने आपटतं, माझी झोपमोड होते."

असं माझं बारसं झालं. त्या दुधाच्या गाडीच्या दारावर पूर्वी काहीतरी मोठं नाव रंगवलेलं होतं. त्यातला 'ताजे' एवढाच शब्द शिल्लक होता. तो अजून आहे. माझ्यासारख्या शिळ्या लोखंडावर तो शब्द बघून लोक पुन्हा एकदा हसतात.

मग दिवसामागून दिवस एकेक अवयव येत गेला. इंजिन आलं एका लाकडाच्या वखारीतून, तिथे ते करवत फिरवायचं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतून भुश्शाचा लाडू निघाला. भोंगा आला एका मोडीत काढलेल्या बोटीचा. अजूनही मी वाजवला की माणसं आधी नदी कुठे आहे ते बघतात. आणि माझी पाठ, म्हणजे तो सपाट पाट, एका पाडलेल्या व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीचा आहे. जुनं सागवान लाकूड. खेळाच्या मैदानाच्या पिवळ्या-निळ्या रेघा त्यावर अजून दिसतात. फळ्या लावताना त्यांचा क्रम चुकला, त्यामुळे एक गोल अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे गेलाय. वहिनी म्हणाल्या, राहू दे. राहिला.

वहिनी वर्कशॉपमधून आल्या की हातपाय धुवायच्या, चहा घ्यायच्या आणि चेहऱ्यावर काळी काच धरून माझ्यापाशी बसायच्या. ठिणग्या खिडकीच्या काचेवर उजळायच्या. आत खाटेवर पाठ फिरवून ड्रायव्हर पडलेले असायचे. बायको अंगणात काय करतेय, हे त्यांनी विचारलं नाही. वहिनींनी सांगितलं नाही. जेवण, औषध, 'दिवा घालवू का', एवढंच बोलणं त्या घरात उरलं होतं.

पण मला एक गोष्ट दिसत होती, कारण माझं तोंड खिडकीकडे होतं. आधी त्यांची पाठ पूर्ण वळलेली असायची. मग खांदा थोडा इकडे आला. मग एक कान. मग एका संध्याकाळी मला त्यांचे डोळे दिसले.

त्या संध्याकाळी वहिनी माझ्या मागच्या कमानपाट्यांचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांचा, आधार बसवत होत्या. आधार म्हणजे लोखंडाची जाड वाकवलेली पट्टी. तिच्यावर सगळं वजन येतं. ती पट्टी त्यांनी उचलली, लावून बघितली, आणि मग मुद्दाम फिरवून उलटी धरली. मला वाटलं, दमल्या असतील. त्यांनी तिला दोन बारीक टाके मारले.

खिडकीतून आवाज आला, "उलटी लावतेयस."

वहिनी थांबल्या. काच खाली केली नाही. "काय?"

"पट्टी उलटी आहे. भार आला की उघडेल."

"मला काय ठाऊक. मी दारं-खिडक्या करणारी. दाराला कुठे पाटे असतात?"

 मग आत काठी शोधल्याचा आवाज, खाट करकरली, मागचं दार उघडलं. ड्रायव्हर उंबऱ्यात येऊन उभे राहिले. उजेडात डोळे बारीक करून त्यांनी मला पहिल्यांदा नीट पाहिलं, सांगाड्यापासून दिव्यापर्यंत.

"हे काय करून ठेवलंयस?" ते म्हणाले.

"तुम्ही सांगा काय झालंय ते. तुम्हाला कळतं."

ते आले, उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले आणि हातोडी मागितली. एका फटक्यात दोन्ही टाके सुटले, कारण टाके तेवढेच कच्चे मारलेले होते. वेल्डिंगमध्ये आयुष्य गेलेल्या बाईचे टाके असे एका फटक्यात सुटत नाहीत. ते ड्रायव्हरांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी सुटलेली पट्टी हातात फिरवून बघितली, बायकोकडे बघितलं. पट्टी सरळ धरली आणि म्हणाले, "आता मार. आणि नेहमीसारखं मार."

मी ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी आधी त्या दोन कच्च्या टाक्यांचं नाव घेईन.

तिथून पुढे दोघं मिळून काम करू लागली. भांडायचीही. पाट्यांवरून, बोल्टांवरून, हातोडी कोणी कुठे ठेवली यावरून. पण ती भांडणं बरी होती. घरात माणसं आहेत हे त्यातून कळायचं.

मग क्लचपाशी येऊन सगळं अडलं.

ज्यांनी कधी मोठी गाडी चालवली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. गिअर बदलायचा तर आधी डाव्या पायाने क्लच दाबावा लागतो, म्हणजे इंजिन आणि चाकं घटकाभर एकमेकांपासून सुटतात. आणि ड्रायव्हरांना डावा पाय नव्हता. दवाखान्यातून मिळालेला बनावट पाय होता, तो दारामागे खुंटीला टांगलेला असायचा. त्या दिवशी त्यांनी तो बांधला, केबिनमध्ये चढले आणि क्लचवर ठेवला. दाबला तर पूर्ण दाबला जायचा, सोडला तर धाडकन सुटायचा. मधलं काही त्या पायाला कळत नव्हतं. इंजिन बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मला आत हिसके बसत होते, पण त्यांना जे बसत होते ते मोठे होते.

शेवटी त्यांनी पट्टे सोडले आणि तो पाय केबिनमधून बाहेर फेकला. तो पाण्याच्या टाकीवर आपटला.

"पुरे झालं," ते म्हणाले. "विकून टाक हे सगळं."

वहिनींनी पाय उचलला, पुसला, दोरीवर वाळत असलेल्या टॉवेलाशेजारी ठेवला आणि भाजी चिरायला घरात गेल्या. त्या वेळी समजूत घातली असती तर बिघडलं असतं. काही माणसांना केव्हा गप्प बसायचं ते कळतं.

अक्का तेव्हा टायरवर बसून सगळं बघत होत्या. त्या माझ्यासाठी एक खुर्ची घेऊन आल्या होत्या. न्हाव्याच्या दुकानातली, वरखाली होणारी, गोल फिरणारी.

"तो रडतोय तोवर ही खुर्ची बसवून घ्या," त्या मोठ्याने म्हणाल्या. "फिरते ती. दाराकडे फिरवायची, बसायचं, परत पुढे फिरवायची. चढताउतरताना पायाची मिनतवारी नको. पुढे खिट्टी घालून पक्की करा, नाहीतर वळणावर गिऱ्हाईक मागे तोंड करून बसेल."

ड्रायव्हर हसले नाहीत. पण खुर्चीकडे बघायला म्हणून ते अक्कांच्या हातगाडीपाशी आले. गाडीत आणखी सटरफटर होतं. मोटरसायकलचं एक मोडकं हँडल होतं. कसलाही विचार न करता त्यांनी ते उचललं, आणि सवयीने त्यांची बोटं त्यावरच्या क्लचवर गेली. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं. हळू सोडलं, आणखी हळू सोडलं.

"अक्का," ते म्हणाले, "त्या शाळेच्या बसचे ब्रेक हवेवर चालायचे ना?"

"मग?"

"तिचा हवेचा डबा आहे अजून? कॉम्प्रेसर?"

"आहे. दार आपटू नये म्हणून लावलाय मी तो वखारीच्या दाराला."

"दाराला दगड लाव. डबा मला दे."

पुढचे काही आठवडे त्या अंगणात दुसरा विषय नव्हता. मोटरसायकलचा क्लच माझ्या गिअरच्या दांड्यावर बसला. ज्या हाताने गिअर टाकायचा, त्याच हाताची चार बोटं तो दाबणार. बोटांची ताकद ट्रकचा क्लच ओढायला पुरत नाही, म्हणून बोटांनी फक्त हवेची वाट उघडायची आणि डब्यातल्या हवेने क्लच ओढायचा. सांगायला सोपं आहे. करताना कधी हवा एकदम यायची, कधी यायचीच नाही, एकदा वहिनींच्या तोंडावर तेलाचा फवारा उडाला आणि दोघंही पायरीवर बसून पोट धरून हसत राहिली. तसं हसणं त्या घरात मी प्रथमच ऐकलं.

आणि मग एका सकाळी ड्रायव्हर न्हाव्याच्या खुर्चीवर बसले, खिट्टी घातली, बोटं दाबली. माझ्या पोटात 'फुस्स' झालं. पहिला गिअर. बोटं हळूहळू सैल झाली, आणि मी हललो. दोरीवरच्या चादरीला नाक लागेपर्यंत गेलो. तेवढीच जागा होती. पण मी गेलो.

रस्त्यावर उतरण्याआधी तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीचे साहेब माझ्याभोवती फिरले. गोल दिवा बघितला, चौकोनी बघितला, 'ताजे' वाचलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ट्रक," अक्का म्हणाल्या.

"ते दिसतंय."

"मग विचारलंत कशाला?"

वहिनींनी अक्कांना चहा प्यायला पाठवलं. साहेब माणूस सरळ होता. त्याने ब्रेक स्वतः दाबून बघितले, जोड हातोडीने ठोकून बघितले. वहिनींच्या एका जोडावर तो बराच वेळ बोट फिरवत राहिला आणि कोणी केलाय हे विचारून मान हलवली. मग म्हणाला, "मी बसू का?" तो खुर्चीवर बसला, डावा पाय दुमडून मांडीखाली घेतला आणि चालवायला गेला. मी लगेच बंद पडलो. पुन्हा बंद पडलो. ड्रायव्हर बाहेरून सांगत होते, "बोटं सोडताना मांजराच्या पाठीवरून हात फिरवतो तशी सोडा, साहेब." तिसऱ्या वेळी मी चाललो. साहेब आवारात एक फेरी मारून आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नवी सायकल मिळालेल्या पोराचा आनंद होता. उतरून कपडे झटकले, पुन्हा साहेब झाला आणि सही केली.

कागद मिळाले, पण काम मिळेना. लोक गाडी बघायचे, खुर्चीतल्या माणसाकडे बघायचे, आणि 'कळवतो' म्हणायचे. मी अंगणात उभा राहायचो. ड्रायव्हर रोज सकाळी माझी काच पुसायचे. एकदा पुसलेली काच पुन्हा पुसणारा माणूस बघणं फार अवघड असतं.

मग एके दिवशी मधपाळ आला. मधमाश्या पाळणारा म्हातारा, आवाज इतका हळू की माणसाला पुढे वाकावं लागे. त्याला मधमाश्यांच्या पेट्या डोंगरापलीकडच्या फळबागेत न्यायच्या होत्या. तिथे झाडं फुलली होती. इथल्या शेतांवर औषध फवारलं जाणार होतं, पेट्या इथे राहिल्या तर माश्या मरणार. माश्या म्हटल्यावर एकही ट्रकवाला तयार नव्हता. त्यात हिसके बसले की माश्या बिथरतात.

मधपाळाने माझ्या दिव्यांकडे बघितलंच नाही. तो खाली वाकला आणि पाटे बघितले.

"हे ट्रकचे नाहीत," तो म्हणाला.

"बसचे आहेत," ड्रायव्हर म्हणाले. "शाळेच्या."

"म्हणजे मऊ आहेत." तो माझ्या फळ्यांवर तळवा ठेवून थोडा वेळ उभा राहिला. "उद्या पहाटे याल का, ड्रायव्हर?"

त्याला आमच्या गल्लीतलं काही माहीत नव्हतं. समोरचा माणूस ट्रक चालवतो, म्हणून तो ड्रायव्हर म्हणाला, इतकंच. पण माझ्या काचेवरचं फडकं जागच्या जागी थांबलं.

पहाटे माश्या पेट्यांत परतलेल्या असतात. पेट्यांच्या तोंडाला जाळी लावली, माझ्या पाठीवर रांगेने ठेवल्या, दोर आवळले. केबिनमध्ये तिघं होती, ड्रायव्हर, वहिनी आणि मधपाळ. माझ्या पाठीवर हजारो पंखांचं गुणगुणणं होतं. इतकं जिवंत ओझं मी त्यानंतरही कधी वाहिलं नाही. अंगावर काटा येणं म्हणजे काय, ते फळ्यांना कळलं त्या दिवशी.

डोंगर अर्धा चढलो असू, तेव्हा माझ्या पोटाखाली 'सुंऽऽ' असा आवाज सुरू झाला. हवेचा पाइप सांगाड्याला घासून चिरला होता. हवेच्या डायलवरचा काटा खाली येऊ लागला. ड्रायव्हरांनी बोटं दाबून बघितली. काही नाही. क्लच गेला.

"थांबवा," वहिनी म्हणाल्या. "मी बघते."

"किती वेळ लागेल?"

"पाइप काढायला हवा. ऊन चढेपर्यंत तरी."

मधपाळ हळूच म्हणाला, "गाडी चालतेय तोवर वारा लागतोय. उन्हात थांबली की पेटीत भट्टी होते. मेण वितळेल. आतल्या आत गुदमरतील सगळ्या."

 मी दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो. ड्रायव्हरांची स्टिअरिंगवरची पकड आवळलेली मला जाणवली. खाटेवरचा तो माणूस परत येतोय की काय, अशी मला भीती वाटली.

मग ते म्हणाले, "कोणी बोलू नका. मला ऐकायचंय."

क्लचशिवाय गिअर बदलता येतो. पण त्याला कान लागतो. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग एका क्षणी जुळतात. त्या क्षणी दांडा ढकलला तर गिअर आपसूक बसतो, दाराला कडी लागावी तसा. क्षण चुकला की दात दातांवर खरडतात. ड्रायव्हरांनी मान थोडी कलती केली. माथ्यावर पोचल्यावर उजवा पाय हलका केला, वाट बघितली, दांडा ओढला, पुन्हा वाट बघितली, आणि पुढे सरकवला. खट्. तिसरा गिअर. पेट्यांतली गुणगुण बदललीसुद्धा नाही. उतार आल्यावर त्याच पद्धतीने पुन्हा दुसऱ्यात आले.

उतार संपतो तिथे रेल्वेचं फाटक होतं, आणि ते बंद होतं. तिथे थांबावंच लागलं; माझे ब्रेक तेलावरचे, हवेशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून थांबता तरी आलं. क्लच नाही म्हणजे थांबताना इंजिनही बंद. आगगाडी जाईपर्यंत मधपाळ आणि वहिनींनी पोती भिजवून पेट्यांवर घातली. वहिनींनी पाइपाला ट्यूबची पट्टी गुंडाळून बघितली, हवा काही टिकेना. फाटक उघडलं. आता गिअरमध्ये असतानाच मला चालू करायचं होतं, आणि त्यात हिसका ठरलेला. ड्रायव्हर खिडकीतून मागे बघून म्हणाले, "सांभाळून घ्या, बायांनो." कोणाला म्हणाले, वहिनींना की माश्यांना, कळलं नाही. स्टार्टर फिरला, मी एकदा मोठा शहारलो, आणि निघालो. माश्यांचा आवाज एकदम वर गेला, मग वाऱ्यासरशी हळूहळू खाली आला.

बागेत पोचलो तेव्हा ऊन फळ्यांवर आलं होतं. पेट्या सावलीत उतरवल्या. मधपाळाने एकेका जाळीला कान लावला आणि जाळ्या काढल्या. माश्या बाहेर आल्या, घिरट्या घालून दिशा बघून घेतली, आणि पांढऱ्या फुलांत शिरल्या. मधपाळ कितीतरी वेळ तिकडेच बघत होता. मग तो ड्रायव्हरांच्या खिडकीशी आला. त्याने माझ्या दारावर थाप दिली.

ड्रायव्हर स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले होते. वहिनी पायरीवर बसल्या.

"उद्या त्या पाइपाला रबर घालू," ते म्हणाले. "घासणार नाही मग."

"घालू," वहिनी म्हणाल्या. आणि मग त्यांनी पदराने, घाम पुसल्यासारखं करून, डोळे पुसले.

त्यानंतर मी फार वर्षं धावलो. मधपाळाने तोंडातून एक शब्द काढला असेल की नाही देव जाणे, पण काम येत गेलं. मऊ चालीचा ट्रक म्हणून माझं नाव झालं. मी काचा नेल्या, आरसे नेले, रोपं नेली, एका आजीबाईंचं मोठं घड्याळ नेलं. त्या आजीबाई वाटभर ते बंद पडू नये म्हणून माझ्या पाठीवर त्याला धरून बसल्या होत्या. घर बदलणारी माणसं मी खूप पाहिली. सगळी सारखीच. सगळं सामान चढवून झालं, दोर आवळले, की घरातलं कोणीतरी 'आलोच' म्हणून रिकाम्या घरात परत जातं. हातात काहीच नसतं येताना. ड्रायव्हर त्या वेळी कधीही भोंगा वाजवत नसत.

अक्कांना शेवटी मीच दवाखान्यात नेलं. रुग्णवाहिकेत बसायला त्यांनी साफ नकार दिला. केबिनमध्ये बसून वाटभर मला नावं ठेवली, माझा आवाज वाढलाय, माझं दार करकरतं. उतरताना मात्र 'ताजे' या शब्दावरची धूळ त्यांनी हाताने पुसली. त्या परत आल्या नाहीत. शिव्यांशिवाय काही द्यायचं त्यांना जमत नव्हतं, आणि माझ्या अंगातला निम्मा जीव त्यांनीच दिलेला आहे.

आता माझं इंजिन दमलंय. डोंगर मला झेपत नाही. लांबचा माल दुसऱ्या गाड्या नेतात. मला वाटलं होतं, आता गॅसकटरची निळी ज्योत बघायची वेळ आली. तशी तयारीही मी मनाने केली होती. तुकड्यांतून आलेल्याला पुन्हा तुकडे होण्याची भीती कमी असते.

पण तपासणीच्या त्याच साहेबाने एकदा एका माणसाला ड्रायव्हरांकडे पाठवलं. यंत्रात पाय गेलेला गिरणी कामगार होता. मग आणखी कोणी आलं. आता गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर माझी शाळा भरते. ड्रायव्हर शेजारी बसून शिकवतात, आणि वहिनी ज्याला जसं लागेल तसं दांड्याचं, पेडलचं नवं काहीतरी झाळून देतात. माझ्या अंगावर त्यामुळे इतके नवे जोड झालेत की मला माझंच रूप ओळखू येत नाही.

शिकणारे मला फार त्रास देतात. गिअर खरडतात, हिसके देतात, बंद पाडतात आणि मग स्वतःवरच चिडून स्टिअरिंगवर मूठ मारतात. मी सोसतो. मी त्यांना ओळखतो. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला पुन्हा रस्त्याकडे वळायला किती ताकद लागते, ते माझ्याइतकं कोणत्या ट्रकने पाहिलंय?

सध्या एक बाई येतात. आधी बसमध्ये कंडक्टर होत्या. चालकाच्या मागे उभं राहून आयुष्यभर गाडी कशी चालते ते बघत आल्या, चालवायची हौस मनातच राहिली. पाय गेल्यावर नोकरी गेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला अकरा वेळा बंद पाडलं आणि म्हणाल्या, "माझ्याने नाही होणार."

ड्रायव्हर म्हणाले, "बंद पडली तर पडली. तिला काय वाटत नाही. परत चालू करा."

मला 'ती' म्हणाले, तेही मी सोसलं.

काल त्यांनी सबंध माळाला फेरी मारली, कुठेही न थांबता. उतरल्यावर थोडा वेळ माझ्या दाराला धरून उभ्या होत्या. माझे आभार कोणी मानत नाही, आणि मानावे असंही काही नाही. उलट मलाच मानायचे आहेत. ज्यांनी मला जोडलं त्यांचे, ज्यांनी मला खचलेल्या हातांनी धरलं त्यांचे, आणि दोन दिव्यांना हसून पुढे गेलेल्या सगळ्यांचेसुद्धा. कारखान्यातून निघालेल्या ट्रकला इतकी माणसं भेटत नाहीत.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरात, गल्लीत कोणी खिडकीकडे पाठ करून झोपलं असेल, तर त्याला धीर द्यायला जाऊ नका. एखादी पट्टी उलटी लावून बघा.

बरं, आता मला रजा द्या. कंडक्टरबाई खुर्चीवर बसल्यात, खिट्टी घातलीय, बोटं दांड्यावर आहेत. आज पहिल्यांदाच गाडी मागे घ्यायला शिकायचंय. तुम्ही नेमके माझ्या मागे उभे आहात. जरा बाजूला व्हा.